डोक्यातले डोंगळे

तमाम नागरिकांना या प्रकटनाद्वारे कळवण्यात येते की, श्रीरामपूर शहरातील एका सेवानिवृत्त कालवा निरीक्षकाच्या डोक्यात डोंगळे आढळून आले असून, ते संख्येने वाढलेले आहेत, विनापरवाना आहेत, आणि तरीही ते एका दिवसात मोकळे करण्यास कोणासही, विशेषतः कोल्हारच्या मेव्हण्यास, सक्त मनाई आहे.

मसुदा माझा नाही. तो त्या निरीक्षकसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या डोक्याविषयी लिहून, स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावला होता. खाली सही, तारीख, आणि 'प्रत माहितीसाठी : वरच्या मजल्यावरील भाडेकरू.' तो भाडेकरू मी.

ज्यांचं बालपण पाटपाण्याच्या भागात गेलं नाही अशा अभाग्यांसाठी सांगतो. डोंगळा म्हणजे पाटाच्या भरावावरून गुपचूप टाकलेला पाइप. एक तोंड पाटात, दुसरं आपल्या वावरात. एकदा पाणी चढवून दिलं की मोटार नको, वीज नको, अर्ज नको. पाणी आपोआप येत राहतं. आमच्या जिल्ह्यात पाटबंधारे खातं हे डोंगळे काढण्यासाठी असतं आणि शेतकरी ते पुन्हा टाकण्यासाठी. साहेबांनी नोकरीभर डोंगळे काढले. मग निवृत्त झाले, आणि पाटावर सापडले नाहीत तेवढे त्यांना आपल्या कवटीत सापडले.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नवीन आलो होतो. खोली बघायला गेलो आणि कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं आणि थांबलं. फटीत एक डोळा दिसला. "थांबा," डोळा म्हणाला. मी थांबलो. बऱ्याच वेळानं दार अर्धं उघडलं आणि पुन्हा थांबलं. मला वाटलं आत कुत्रं असेल, त्याला बांधतायत. कुत्रं नव्हतं.

"दार एकदम उघडायचं नसतं," आतला उंच, वाळका गृहस्थ म्हणाला. "आधी थोडं सोडायचं, खालच्या अंगाला काय होतंय ते बघायचं, मग पुढचा टप्पा."

खालच्या अंगाला मी होतो. मला काहीच होत नाही अशी खात्री पटल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं. तोवर भाडं किती, पाणी कधी येतं, हे विचारायचे सगळे प्रश्न मी विसरलो होतो. खोली घेतली. सहा वर्षं राहिलो.

त्या घरात सगळंच टप्प्यानं चाले. नळ तीन टप्प्यांत. सोड्याची बाटली तीन टप्प्यांत. तिसऱ्या टप्प्यापर्यंत आतला वायू कंटाळून निघून गेलेला असे. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा टप्प्यानं. सकाळी साहेब नुसते "हं" म्हणत, दुपारी "बघू" म्हणत, आणि खरं भांडण संध्याकाळी व्हायचं. तोवर काकू कशावरून भांडायचं तेच विसरलेल्या असत. जिन्यात माझ्यासाठी नोटिसा लागत. 'आपली मागणी दीड बादली. प्रत्यक्ष वापर अडीच. फरकाचा खुलासा करावा.' जिल्ह्याचं नाव बदललं त्याच दिवशी त्यांनी घरातल्या एकूण एक वहीच्या पुठ्ठ्यावर 'अहिल्यानगर' लिहून काढलं, आणि लिहून झाल्यावर काकूंना म्हणाले, "जरा नगरला जाऊन येतो."

आणि हे सगळं चालू असताना त्यांचं तोंड चालू असे. बोलत नसतानाही. जबडा आडवा फिरायचा, ओठ पुढं येऊन मागं जायचे, जीभ एखाद्या गिऱ्हाइकासारखी दारात डोकावून परत फिरायची. गावात त्यांना मागून 'रवंथसाहेब' म्हणत. पाहुणे आले की काकू लगबगीनं त्यांच्या हातात वेलदोडा ठेवत. तोंडात वेलदोडा असला की चघळण्याला प्रतिष्ठा येते. मी पहिले तीन महिने साहेबांना वेलदोड्याचं व्यसन आहे असं समजत होतो. वेलदोड्याचं व्यसन करणारा माणूस निवृत्तिवेतनात कसा भागवतो, याचं मला कौतुकही होतं.

मग एकदा काकू माहेरी कोल्हारला गेल्या आणि मेडिकलमधून गोळ्या आणायचं काम माझ्याकडं आलं. पाकिटावरचं नाव वाचून मी जिन्यातच थांबलो. जीवशास्त्राच्या माणसाला काही नावं कळतात. कानात नसलेले आवाज येतात, नसलेले शत्रू दिसतात, त्यावरची ती गोळी होती. मी पाकीट अगदी बेफिकीर चेहऱ्यानं त्यांच्या हातात दिलं. इतका बेफिकीर चेहरा माझा लग्नातही नव्हता.

"कळलं ना तुम्हाला?" साहेब म्हणाले. "चेहरा नीट करा आणि गच्चीवर या."

गच्चीवर त्यांनी जे केलं ते मी पुढं दरवर्षी बारावीला शिकवलं आणि त्यांचं नाव कधी घेतलं नाही. आज घेणार होतो, पण त्यांनी परवानगी नाकारली. तर, त्यांनी एक मोठी टीप, म्हणजे पत्र्याचं पिंप, पाण्यानं भरली. तिच्या काठावरून पाइपाचे चार तुकडे टाकले. चारी तुकड्यांतून पाणी शांतपणे चार कुंड्यांत पडू लागलं.

"हे पाणी म्हणजे तुमचं डोपामीन," ते म्हणाले. "एका पेशीकडनं दुसरीकडं निरोप नेतंय. हे पाइप म्हणजे निरोप घेणारे. तुमच्या पुस्तकात त्यांना रिसेप्टर म्हणतात. आमच्या चारीवर, पाटाच्या फाट्यावर, डोंगळा म्हणतात. माझ्या डोक्यात एका साली पाण्याला भलताच जोर आला. नसलेले निरोप पोचायला लागले. डॉक्टरनं काय केलं? पाणी बंद केलं का?"

मी म्हणालो, नाही, रिसेप्टर अडवले. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातात चिंध्या दिल्या. मी पाइपांत बोळे कोंबले. पाणी थांबलं.

"ही गोळी. बोळा. आता कुंडीच्या जागी शेतकरी धरा. पाट भरलेला समोर दिसतोय आणि वावर कोरडं. तो काय करेल? घरी बसेल?"

आमच्या जिल्ह्यातला शेतकरी घरी बसणार नाही, हे मला मान्य होतं. साहेबांनी आणखी चार पाइप टाकले, पहिल्यापेक्षा जाड. म्हणाले, मेंदूही असाच. महिनोन् महिने बोळे राहिले की पेशी तहानलेल्या होतात. नवे रिसेप्टर काढतात, आहेत ते जास्त हावरे होतात. मग नव्यांनाही बोळे बसतात आणि वरवर सगळं शांत दिसतं. "आता एखाद्या शहाण्याला वाटतं, माणूस बरा झाला, कशाला पाहिजे गोळी? आणि तो काय करतो?"

असं म्हणून त्यांनी आठच्या आठ बोळे एका दमात उपटले.

पाणी तेवढंच होतं, टीप तीच होती. पण पिणारी तोंडं वाढली होती. कुंड्या भरून वाहिल्या, गच्चीवर तळं झालं, आणि पलीकडं वाळत घातलेल्या सतरंजीवर मी तपासायला ठेवलेले सहामाहीचे सगळे पेपर त्या तळ्यात तरंगू लागले. त्या वर्षी जीवशास्त्रात कोणीही नापास झालं नाही. शाईच उरली नव्हती.

"आणि हा जबडा," जाता जाता ते म्हणाले. "हालचालीच्या चारीवरचे डोंगळे हावरे झाले, त्याचा हा परिणाम. हे करणारीही गोळीच आणि झाकून धरणारीही गोळीच. झाकण काढलं की आधी उतू जाणार. ध्यानात ठेवा, मास्तर."

मी ध्यानात ठेवलं. ते वेळेवर तोंडातून बाहेर काढायला मात्र मला जमलं नाही. त्याकडं येतोच. पण आधी पाण्याला जोर आला ते साल सांगायला हवं.

त्या साली साहेब एका लांबलचक चारीवर होते. चारीच्या तोंडाशी मातब्बरांचे मळे, आणि शेवटाला, म्हणजे टेलला, कोरडवाहू म्हणण्याइतकी बागायती गावं. टेलला पाणी फक्त खात्याच्या कागदावर पोचायचं. साहेब तोंडाशी डोंगळे काढायचे, दुसऱ्या सकाळी ते परत असायचे. वर तक्रार केली की वरचे साहेब म्हणायचे, दुर्लक्ष करा. पुष्कळ आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, त्यांनी दुर्लक्ष केलं. मग त्यांची झोप गेली, आणि पाण्यातून टेलची माणसं बोलायला लागली. नावानिशी हाक मारायची. "इन्स्पेक्टर, पानी खाल्लंस." एका दिवशी भर दुपारी साहेबांनी चारीचं मुख्य दार एकदम, पूर्ण, उघडलं, भरावावरचे डोंगळे एकहाती उपटून फेकले, आणि हातात पहार घेऊन दोन दिवस तोंडाशी उभे राहिले. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. पाणी टेलला पोचलं.

खात्यात एकमत झालं की हा माणूस वेडा आहे. पाणी शेवटपर्यंत पोचवणं याहून स्पष्ट लक्षण कुठलं? त्यांना धरून नगरला नेलं, गोळी सुरू झाली, आवाज थांबले. कामावर परत घेतलं तेव्हा वरच्या साहेबांनी पाठ थोपटून सांगितलं की, आता तुम्ही अगदी आमच्यासारखे झालात. त्यानंतर टेलला पाणी पोचलं नाही.

मी हे ऐकून भारावलो होतो. एखादं टाळीचं वाक्य तोंडाशी आणलं होतं. साहेबांनी ते दारातच अडवलं. "पाट दोन ठिकाणी फुटला, मास्तर. एका म्हातारीची झोपडी गेली. शेळ्या गेल्या. आवाज खरे नव्हते. ते येत होते त्या अकरा दिवसांत मी बायकोलाही ओळखत नव्हतो, पोरगी पाळण्यात होती, तिला हात लावायला भीत होतो. पाणी पोचवायचं ते शहाण्यानं पोचवावं. ते शहाण्यांना जमत नाही, हा भाग वेगळा."

पाळण्यातली ती पोरगी म्हणजे शुभांगी. हल्ली ती सुप्याला असते आणि दर रविवारी फोन करून आधी बापाचं गेज विचारते, मग आईची तब्येत. गेज म्हणजे पाटातली पाण्याची पातळी. साहेबांकडं स्वतःच्या डोक्याचं गेज रजिस्टर आहे. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला नोंद. झोप किती, जबडा किती, चिडचिड किती, आणि शेवटचा रकाना : 'टेल'. म्हणजे आवाज. त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता : 'निरंक'. खात्यात निरंक म्हणजे काहीही नाही. मी आयुष्यात एवढा सुंदर कंटाळवाणा मजकूर वाचलेला नाही.

आता मामांना आत घेतो. तेही टप्प्यानं घ्यायला हवेत, पण ते एकदमच येत. काकूंचे मोठे भाऊ, कोल्हारचे. घरी बारा गाई, आणि जगातल्या यच्चयावत प्रश्नांचं उत्तर त्यांना गोठ्यात सापडत असे. शुभांगी फार्मसी करून मेडिकलमध्ये लागली होती. स्थळ मामांनीच आणलं. मुलगा सुप्याला कारखान्यात, घरचे मूळ पाटाच्या शेवटाकडचे शेतकरी, माणसं चांगली. मुलानं आणि शुभांगीनं बोलून एकमेकांना पसंत केलं होतं, हे त्या दोघांनी थोरांना कळू दिलं नव्हतं, म्हणजे मलाच कळू दिलं होतं. उरली होती बैठक. आमच्याकडं मुलामुलीनं एकमेकांना पसंत करणं हा किरकोळ भाग. खरी पसंती बैठकीत दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना करायची असते.

मामांचा जीव साहेबांच्या जबड्यात अडकला होता. "जनावर रवंथ करतंय तर आमी म्हंतो तब्येत बरी हाय," ते काकूंना म्हणाले. "पर मानूस करायला लागला की लोकं खोदून इचारत्यात." आणि खोदलं की गोळी निघणार, गोळी निघाली की ते जुनं साल निघणार, आणि मग पोरीला कोण करून घेईल? मामांना कुठल्याशा डॉक्टरकडून कळलं होतं की जबडा गोळीनं हलतो. त्यावरून त्यांनी सरळ हिशेब मांडला : गोळी बंद, जबडा बंद. बैठकीला पंधरा दिवस होते. गाईला इंजेक्शन बंद केलं की दूध आठवड्यात चांगलं होतं.

ते जिना चढून माझ्याकडं आले. चहा घेतला. म्हणाले, मास्तर, तुम्ही सायन्सवाले, मला एवढंच सांगा, कॅल्शियमच्या गोळीनं माणसाला काही अपाय होतो का? पांढरी असते बघा, तशीच दिसते.

मला सगळं कळलं. गच्ची डोळ्यांपुढं आली, टीप आली, आठ बोळे आले. आणि मी शास्त्रशुद्ध उत्तर दिलं की, कॅल्शियमनं काही होत नाही. खरंच होत नाही. पुस्तकात बघा. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यावं, हे मी मुलांना बोर्डाच्या परीक्षेसाठी शिकवतो. शिवाय घरमालकाच्या घरगुती भानगडीत भाडेकरूनं पडू नये. भ्याड माणसाला तत्त्वांची कधी टंचाई पडत नाही.

काकूंनी डबीतल्या गोळ्या बदलल्या.

नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला माझ्या दारावर नोटीस सरकवली गेली. 'चौकशीकामी तात्काळ हजर राहावे.' खाली गेलो तर काकू स्टुलावर, शुभांगी भिंतीला टेकून, आणि मुक्कामाला आलेले मामा सतरंजीवर. साहेब खुर्चीत, मांडीवर रजिस्टर. जबडा असा फिरत होता की बघवत नव्हतं. पाय जागेवर ठरत नव्हते.

त्यांनी खात्याच्या भाषेत सुरुवात केली. चौथ्या दिवसापासून झोपेत घट. सहाव्यापासून जबड्याच्या हालचालीत लक्षणीय वाढ. आठव्या दिवशी रेडिओवरच्या बातम्या आपल्याविषयी असल्याचा संशय. संशय तपासून फेटाळला. मागणीत बदल नाही, हवामानात बदल नाही. "याचा अर्थ," ते म्हणाले, "वरच्या दारात कोणीतरी हात घातलेला आहे. मी नोकरीभर पाणीचोर पकडले. गेज कधी खोटं सांगत नाही." मग डबीतली एक गोळी काढली, दातानं तोडली, आणि खडू खाल्ल्यासारखं तोंड केलं. "पंचांनी नोंद घ्यावी. चुना आहे."

मला हसू येत होतं. इतक्या गंभीर प्रसंगी मला हसू येत होतं, हे कबूल करतो. मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं धरलं. शेवटच्या रकान्यात त्या सकाळची नोंद होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथं 'निरंक' नव्हतं. तिथं लिहिलं होतं : 'एक. पुसट. नाव घेतले.'

काकू रडायला लागल्या. पोरीचं जमावं म्हणून केलं, म्हणाल्या. मामा गाईचं काहीतरी सांगू लागले.

साहेबांची खात्याची भाषा तेव्हा गळून पडली. मी ती पहिल्यांदाच गळालेली पाहिली. आतून त्यांच्या आईची भाषा निघाली. "पोरीचं जमंल गं," ते म्हणाले. "पर मी तुला पुन्ना वळखलं न्हाई, तर काय करशील?"

शुभांगी उठली, नगरच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि खरी गोळी आपल्या हातानं बापाला दिली. डॉक्टर म्हणाले, जुनीच मात्रा आजपासून चालू, उद्या घेऊन या. आवाज जायला काही दिवस लागतील, एकटं सोडू नका. साहेबांनी भिंतीवरची ती नोटीस त्याच दुपारी लिहिली. मला वेगळी शिक्षा झाली नाही. 'प्रत माहितीसाठी' एवढंच. ते मला अजून टोचतं.

बैठक पुढं ढकलायला मामा तयार नव्हते. पाहुण्यांना संशय येईल म्हणाले. शुभांगीचं म्हणणं, होऊ द्या, पण बाबांच्या तोंडात कुणी काही कोंबायचं नाही. मामांनी होकार दिला, आणि रविवारी पाहुण्यांची गाडी गल्लीत वळताच साहेबांच्या तोंडात वेलदोडा कोंबला.

कडी वाजली. दार चार बोटं उघडलं. पाहुणे थांबले. दार अर्धं उघडलं. पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. "बिजागरी कडक झालीय," मामा आतून ओरडले. अखेर सात माणसं आत आली. मुलगा, त्याचे आईवडील, काका-काकू, एक जावई, आणि मधोमध धरून आणलेले आजोबा. आजोबांना ऐकू कमी येत होतं. त्यांना कोपऱ्यात लोडाशी बसवलं आणि त्यांनी लगेच डोळे मिटले. बैठकीत थोर माणूस लागतो. तो जागा असावा असा नियम नाही.

पोहे झाले. ऊस, पाऊस, सुप्याचा कारखाना झाला. पण सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून त्या जबड्यावर येत होत्या. आवाज गेले नव्हते, हे मला माहीत होतं. साहेब मधूनच मान किंचित वळवत आणि परत सरळ करत, दारातल्या भिकाऱ्याला 'पुढं जा' म्हणावं तसं. शेवटी मुलाच्या वडिलांनी हसून विचारलं, साहेब मघापासून काय खातायत?

"वेलदोडा," मामा म्हणाले. "लई शौक त्यांना."

साहेबांनी तोंडात बोटं घातली, वेलदोडा काढला, बशीत ठेवला, आणि भरावावरून पलीकडच्या काठाला ऐकू जावं अशा कमावलेल्या आवाजात म्हणाले, "तोंडातला वेलदोडा मेव्हण्यांचा आहे. जबडा माझा आहे."

मामांनी डोळे मिटले. कोपऱ्यातल्या आजोबांनी उघडले.

मग साहेबांनी सगळं सांगितलं. गोळी किती वर्षं, कशासाठी. डोंगळे, बोळे, चुना. गेज रजिस्टर उघडून समोर ठेवलं आणि पाहुण्यांना शेवटचा रकाना वाचायला लावला. त्या दिवशीची नोंदही. "आज सकाळीही एक होता. उद्याला कमी होईल. मी गोळी घेतो, म्हणून माणसात आहे. माझी मुलगी चांगली आहे. मी लपवून तिचं लग्न करणार नाही, कारण जे दाबून ठेवलं ते एकदम सुटतं, हे मी पाटावरही पाहिलंय आणि इथंही." इथंही म्हणताना त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. आणि मग ते साल सांगितलं. चारीचं नाव, उघडलेलं दार, पहार, दोन दिवस. फुटलेला पाट आणि वाहून गेलेल्या शेळ्यासुद्धा.

सांगून झालं तेव्हा खोलीत फक्त त्यांच्या जबड्याची हालचाल होती. मुलाच्या वडिलांनी छताकडं पाहिलं. काकांनी घड्याळाकडं. जावयाचा पाय चपला शोधत दाराच्या दिशेनं सरकला. मुलगा शुभांगीकडं बघत होता आणि शुभांगी बापाकडं. मला वाटलं, आता मी काहीतरी बोलावं. नेहमीप्रमाणे मी बोललो नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातले आजोबा दोन्ही हात जमिनीला टेकून उठले. थरथरत साहेबांसमोर आले. त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि बराच वेळ न्याहाळला. मग मागं वळून, आपल्या मुलावर खेकसावं तसे, अख्ख्या बैठकीवर खेकसले :

"आमच्या गव्हाला पानी सोडलं, त्यो येडा ह्योच व्हय? आरं, मग ह्याला बरं कुन्या शान्यानं केलं?"